ऐनाखालचा बांध

उंबरवाडीत कुणी टेप घेऊन आलं की भैरू ढमाल्याच्या मनात पाल चुकचुकायची. तसं पाहिलं तर वाडीला टेप काही नवी नव्हती. पिरंगुट मागं टाकून डांबरी सोडली आणि आत वळलं की वाड्यांची एक रांग लागते. तिथं गेल्या वीस वर्षांत इतकी माणसं इतक्या टेपा घेऊन फिरून गेलीत की आता गुरंसुद्धा मान वर करत नाहीत. कंपनीवाले आले, प्लॉटिंगवाले आले, बंगलेवाले आले. प्रत्येकानं आधी चहा घेतला आणि मग जमीन घेतली. त्यामुळं टेप दिसली की सावध व्हायचं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. भैरूचं सावध होणं मात्र इतरांपेक्षा अंमळ जास्त होतं. त्याचं कारण त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, निदान त्याची तशी समजूत होती.

या खेपेला टेप होती जुईली नावाच्या बाईच्या हातात. जुईली मूळची परभणीकडची. नवरा-बायको दोघंही हिंजवडीत कॉम्प्युटरवर कामाला, आणि राहायला वाडीच्या वरच्या अंगाला नव्यानं झालेल्या सोसायटीत. बाईला हातानं काहीबाही करायची भारी हौस. समाजमंदिराच्या ओट्यावरची लांबलचक कोरी भिंत तिच्या डोळ्यात भरली. गावानं आणि सोसायटीनं मिळून ती मातीनं लिंपायची आणि तिच्यावर अख्खी वाडी उठवायची, असं तिनं ठरवलं. घरं, विहीर, ओढा, देऊळ, भाताची खाचरं, सगळं. रंग नको, ब्रश नको. ज्याचं घर त्यानं करायचं, ज्याचं शेत त्यानं करायचं, आणि तेही आपल्या हातांनी. ग्रामपंचायतीनं लगेच परवानगी दिली, कारण त्यात पंचायतीचा छदामही जात नव्हता.

भैरूनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जुईली भिंत मोजत होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर भिंतीवर खडूनं चौकोन पडलेले, आणि प्रत्येक चौकोनात एकेक आकडा. एक ते चोवीस. समोरच एकनाथची चहाची टपरी. तिथं बसून भैरूनं ते आकडे तीन वेळा वाचले. एकनाथ म्हणाला की काम वाटून द्यायला बाईनं खुणा केल्यात, एकेक चौकोन एकेका घराला. भैरूनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, तुला काय कळतंय, कपाळ. आकडे घातलेले चौकोन भैरूनं आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिले होते, तलाठ्याच्या टेबलावरच्या नकाशात. वाडीचे गट नंबर तीनशेच्या पुढचे होते हे त्याला पक्कं माहीत होतं. पण नवीन गट पाडायला कितीसा वेळ लागतो, असंही त्याला वाटून गेलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

आता त्यानं काय खाल्लं होतं ते सांगायलाच हवं.

ओढ्याच्या काठाला भैरूचं आणि त्याचा थोरला भाऊ विश्राम याचं अशी दोन खाचरं शेजारी-शेजारी. मधे मातीचा बांध, आणि बांधाच्या मध्यावर ऐनाचं जुनं झाड. बापानं वाटणी करताना त्या झाडाकडंच बोट दाखवलं होतं: ऐनाच्या अलीकडं भैरूचं, पलीकडं विश्रामचं, आणि ऐन दोघांचा. उन्हाळ्यात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपाची जागा जाळून घ्यायला, ऐनाच्या फांद्या लागतात. त्या दोघं भाऊ निम्म्या-निम्म्या तोडायचे. चौदा वर्षांपूर्वी विश्राम कावीळ होऊन गेला. मागं बायको साळूबाई आणि लग्न होऊन मारुंजीला दिलेली मुलगी रेश्मा. साळूबाईचं शेत कोण करणार? भैरूनं सगळ्या भावकीसमोर सांगितलं, वैनी, तुमी काळजी करू नका, मी हाय. आणि तो खरंच होता. नांगरट, चिखलणी, लावणी, झोडणी सगळं त्यानं केलं. भाताची पोती तिच्या दारात आधी उतरवली आणि मग आपल्या.

फक्त दर मृगाआधी बांध लिंपताना तो एक गोष्ट करायचा. बांध आपल्या अंगानं थोडा कोरायचा आणि तिच्या अंगानं थोडा जास्त लिंपायचा. एका वर्षाला दीड हात, एका वर्षाला हातभर. बांधाला पाय नसतात, पण असा लिंपला की तो चालतो. सात वर्षांत बांध नऊ हात चालला. ऐन मागं राहिला, भैरूच्या खाचरात. सातव्या वर्षी त्यानं हद्दीचा दगडही उचलून नव्या बांधात पुरला आणि मग थांबला. का केलं असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. पोटाला कमी नव्हतं. एका वर्षी खपून गेलं म्हणून दुसऱ्या वर्षी केलं, एवढंच. पुढं ऐनाच्या सगळ्या फांद्या तोच तोडू लागला आणि कुणी चकार शब्द काढला नाही. बाईमाणूस, तिला हातभर इकडं-तिकडं काय उमगणार, असं धरून तो चालला.

झाकली मूठ अशी पुढची सात वर्षं झाकलेली राहिली. पण यंदा दिवाळीला रेश्मा आली आणि आईला म्हणाली, आजूबाजूला सगळे विकतायत, आपण विकायचं नसलं तरी सरकारी मोजणी आणून घेऊ, काय आहे ते कळू दे. साळूबाईनं तिला उडवून लावलं होतं. भावजींनी सांभाळलंय, मोजायचंय काय, असं म्हणाली. हे भैरूला त्याची सून गौतमीकडून कळलं आणि तेव्हापासून त्याच्या जेवणातली चव गेली. मोजणी झाली तर नऊ हात जातील याचं त्याला इतकं वाटत नव्हतं. साळूबाई या घरात नवरी म्हणून आली तेव्हा भैरू दहा-बारा वर्षांचा होता आणि आई नसलेला. तिनं त्याला ताटावर बसवून जेवू घातलं होतं, तापात उशाशी बसली होती. त्या बाईसमोर चोर म्हणून उभं राहायचं, या विचारानं तो रात्री उठून अंगणात जाऊन बसायचा.

तर अशा माणसाला दिसलं की टेपवाली बाई साळूबाईच्या अंगणात बसून भाकरी खातेय.

एकदा नाही, आठवड्यात तीनदा. पुढ्यात वही, आणि साळूबाई बोट हवेत फिरवून काहीतरी सांगतेय, आणि जुईली लिहून घेतेय. भैरू कुंपणापलीकडून दोनदा उगाच खाकरला. दोन्ही वेळेला जुईलीनं हसून काका या ना म्हटलं, आणि दोन्ही वेळेला त्याला काम निघालं. घरी येऊन त्यानं गौतमीला आडून-आडून विचारलं. गौतमी त्या भिंतीच्या कामात पुरती शिरली होती. तिनं उत्साहानं सांगितलं की जुईलीताई सगळ्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या जागा विचारून घेतेय. खळं कुठं होतं, जुनी पायवाट कुठून जायची, कुणाचं खाचर कुठवर होतं.

शेवटचं ऐकून भैरूनं ताट बाजूला सारलं.

मग त्याच्या डोक्यानं एकाला एक जोडायला सुरुवात केली. रेश्मा मारुंजीला. जुईली हिंजवडीला कामाला. मारुंजी आणि हिंजवडी किती लांब? एकाला एक लागून. म्हणजे ओळख असणार. रेश्मानं मोजणी म्हटलं आणि महिन्याभरात टेप आली. आईनं मोजणी नको म्हटलं म्हणून लेकीनं हा मातीचा खेळ काढला. भिंतीवर आधी काढून घ्यायचं, गावाच्या हातून काढून घ्यायचं, म्हणजे गावच साक्षीदार. आणि साळूबाईला हे ठाऊक नाही असं कसं म्हणावं? तिच्याच अंगणात तर सगळं चाललंय. ज्या बाईला हातभर इकडं-तिकडं कळणार नाही असं तो चौदा वर्षं धरून चालला होता, ती त्याला आता वकिलाच्या वर वाटायला लागली.

त्यानं उलटा डाव टाकला. एकनाथच्या टपरीवर बसून त्यानं हळूच सोडून दिलं की ही बाई बिल्डरची माणूस हाय, भिंतीचे फोटो काढून कोणाची जमीन कुठवर ते तिकडं पाठवणार. वाडीत अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत चार घरांनी आपले चौकोन परत दिले. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब, म्हणजे माजी सरपंच, जुईलीला म्हणाले की जरा दमानं घ्या. गौतमीनं सासऱ्याकडं एकदा पाहिलं आणि ती आपल्या कामाला लागली. भैरूला स्वतःची थोडी लाज वाटली, पण झोप बरी लागली.

तरीही त्या रविवारी भिंतीचं काम सुरू झालंच. सोसायटीतली दहा-बारा माणसं, वाडीतल्या बायका, आणि सगळ्यांत पुढं साळूबाई, गुडघा धरत धरत. भैरू टपरीवरून बघत बसला. आणि बघता-बघता त्याला हसू फुटायला लागलं. जुईलीनं माती आणली होती ती नव्या इमारतीच्या खड्ड्यातली. निव्वळ मुरूम. ती पाण्यात कालवली आणि थापली भिंतीला. बुधवारपर्यंत भिंतीला तडे गेले, गुरुवारी देवळाचा कळस खाली पडला आणि शुक्रवारी निम्मी वाडी ओट्यावर ढेकळं होऊन पडली होती. भैरूला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

शनिवारी सकाळी जुईली त्याच्या दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला. म्हणाली, साळूमावशी म्हणाल्या की मातीचं काही अडलं तर भैरूभावजींना विचार, चिखलातलं त्यांच्याइतकं वाडीत कुणाला कळत नाही.

भैरूनं तिला बसायलाही सांगितलं नाही. वैनीनं हिला माझ्याकडं का धाडलं? एवढी सगळी घरं सोडून माझ्याकडंच? मला त्या भिंतीपुढं उभं करायचंय, असं त्याला वाटलं. पण त्याच वेळी दुसराही विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा हुशार होता. भिंत होणारच असेल तर ओढ्याकाठच्या खाचरांचा चौकोन आपणच करावा. दुसऱ्या कुणाच्या हातात कशाला द्यायचा? बांध जिथं आज आहे तिथं आपल्या हातानं दाखवावा, ऐन आपल्या खाचरात दाखवावा, आणि अख्ख्या वाडीनं तो रोज येता-जाता पाहावा. दोन वर्षांत तेच खरं होऊन जाईल. मोजणीवाले आले तरी गाव म्हणेल, आमी तर आसंच बघतूया. त्यानं जुईलीला विचारलं की ओढ्याकाठचा चौकोन कुणाकडं आहे. ती म्हणाली, एक साळूमावशींकडं, शेजारचा रिकामा आहे. तो मला, असं भैरू म्हणाला. जुईलीला इतका आनंद झाला की ती त्याच्या पाया पडायला वाकली. त्यानं पाय मागं घेतले.

मग शनिवारभर त्यानं माती केली. खाचरातली चिकण माती आणली, भाताचं तूस आणलं, शेण आणलं, आणि समाजमंदिरामागं खळगा करून सगळं भिजत घातलं. अमोल, त्याचा मुलगा, कंपनीतून पाळी संपवून आला तेव्हा बाप गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून माती तुडवत होता आणि सोसायटीतली चार माणसं पँटी वर करून त्याच्यामागं तुडवत होती. भैरू त्यांना ओरडत होता की टाच मारा, बोटं नकोत, टाच. ओरडताना त्याच्या लक्षात आलं की आपण खूष आहोत. हे काही बरोबर नाही असं त्याला वाटलं, कारण तो तिथं खूष व्हायला आला नव्हता. रातभर माती भिजली.

रविवारी ओटा भरला. चौकोन परत दिलेली चारही घरं, भैरू आहे म्हटल्यावर, आपापले चौकोन मागून घ्यायला आली. बिल्डरचा विषय कुणी काढला नाही. भैरूनं आधी भिंतीवर पाणी मारायला लावलं, मग मातीचा पातळ गारा फिरवायला लावला, आणि मग गोळा कसा घ्यायचा, कसा मारायचा आणि पंजाच्या गादीनं कसा दाबत न्यायचा ते दाखवलं. माती भिंतीला अशी बसली की जुईली नुसती बघतच राहिली. मृण्मयी नावाची सोसायटीतली एक तरुण बाई म्हणाली की मी आयुष्यात पहिल्यांदा शेणात हात घातला. त्यावर वाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एकनाथनं टपरी तशीच सोडून भिंतीवर आपली मातीची टपरी केली आणि तिला चार काटक्यांचे खांब लावले.

भैरू आपल्या चौकोनापुढं बसला. डाव्या हाताला साळूबाई, तिच्या चौकोनापुढं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती आपलं जुनं घर करण्यात दंग होती. त्याच्या मनात सगळं ठरलेलं होतं: आधी ओढा, मग ऐन, मग बांध, ऐनापासून चांगला चार बोटं लांब.

ओढा झाला. मग त्यानं ऐन केला, बुटका आणि रुंद, फांद्या तोडून तोडून जसा झालाय तसा. तो इतका चांगला झाला की शेजारची माणसं बघायला आली. भैरूनं त्याच्या खोडावर नखानं साल काढली. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, ती त्याला तशीच हवी होती. मग बांधासाठी मातीची लांब वळी केली आणि ओढ्याकडून लावायला घेतली. अंगठ्यानं दाबायची, गादीनं सारवायची, ओला हात फिरवायचा. दाबायची, सारवायची, फिरवायचा. पोरवयापासून पन्नास वर्षं त्यानं हे केलं होतं. त्यातली छत्तीस वर्षं विश्राम पलीकडच्या अंगानं लिंपत यायचा आणि हा अलीकडच्या. ऐनापाशी दोघं पोचले की टेकायचे, भाकरी सोडायचे. कोण आधी पोचतो यावरून भांडायचे. विश्राम मुद्दाम हळू यायचा हे भैरूला फार उशिरा कळलं होतं. ते आठवून त्याला बसल्या जागी हसू आलं. त्याला टेप आठवली नाही, मोजणी आठवली नाही, रेश्मा आठवली नाही. हात चालत होते आणि ते बघत राहावंसं वाटत होतं. इतकं बरं त्याला गेल्या चौदा वर्षांत वाटलं नव्हतं.

वळी संपली. त्यानं ओला हात शेवटचा फिरवला आणि मागं सरकून पाहिलं.

बांध ऐनाच्या बुंध्यातून गेला होता. अगदी मधोमध. अलीकडं एक खाचर, पलीकडं एक खाचर, आणि ऐन दोघांचा.

त्यानं इकडं-तिकडं पाहिलं. माती ओली होती. दोन बोटांनी खरवडली असती, सरकवली असती, कुणाला कळलं नसतं. त्यानं हात पुढं केलाही. तेवढ्यात जुईली वही घेऊन आली. झालेला प्रत्येक चौकोन ती वहीशी ताडून बघत होती.

तिनं वही बघितली, भिंत बघितली, परत वही बघितली. “काका, एक विचारू का? साळूमावशींनी सांगितलं ते मी लिहून घेतलंय, त्यात ऐनाचं झाड तुमच्या शेतात आहे, बांधापासून आत. तुम्ही ते बांधावर केलंय. यातलं बरोबर कुठलं?”

तिच्या विचारण्यात काही नव्हतं. नीटनेटकी बाई, तिला दोन ठिकाणी दोन गोष्टी चालत नव्हत्या. पण एकनाथनं हातातली काटकी खाली ठेवली. अण्णासाहेब खुर्चीतून पुढं वाकले. वाडीत प्रत्येकाला ऐन माहीत होता, आणि तो बांधावरून शेतात कधी गेला याचा विचार आजवर कुणी केला नव्हता. आता तो एकदम सगळ्यांनी केला.

भैरू मात्र वहीकडं बघत होता. वैनीनं सांगितलं होतं. जे ती सांगेल म्हणून त्यानं रात्री जागून काढल्या, गावभर कंड्या पिकवल्या, तेच तिला विचारलं गेलं होतं, आणि तिनं त्याच्या बाजूचं सांगितलं होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. परक्या बाईच्या वहीत, आपल्या नऊ हातांवर तिनं स्वतःच्या तोंडानं पाणी सोडलं होतं.

साळूबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. “भावजी इसरलं आसतील,” ती जुईलीला म्हणाली. “झाड त्यांच्याच शेतात हाय. थांब, मी सरकवते.” तिनं हात पाण्यात बुडवला आणि ऐनाकडं नेला.

भैरूनं आपला पंजा ऐनावर आडवा धरला. “ऱ्हाऊ द्या, वैनी. बरोबर हाय ते.”

“भावजी,” ती अगदी हळू म्हणाली, “समदी बघत्यात.”

“बघू द्या.”

त्यानं गौतमीला हाक मारली. ती ओट्याच्या दुसऱ्या टोकाला होती, त्यामुळं हाक मोठ्यानं मारावी लागली आणि पुढचं बोलणंही मोठ्यानंच झालं. “रेश्माला फोन लाव. म्हनावं, मोजणी आणायची तर आण, न्हाईतर तशीच ये. बांध मागं घ्यायचाय.”

“कुठला बांध, मामा?”

“ऐनाखालचा. म्या सरकवलाय त्यो. नऊ हात.”

ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. सोसायटीतल्या माणसांना काय झालं ते नीटसं कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं, आणि त्यांनीही हात थांबवले. अण्णासाहेबांनी घसा साफ केला आणि मग बोलायचं रद्द केलं. गौतमीनं फोन काढला. तिच्या हाताला चिखल होता, त्यामुळं पडद्यावर बोट लागेना. तिनं ते साडीला पुसलं आणि परत लावलं. ती सासऱ्याकडं बघत नव्हती. आता घरात ती आपल्याला काय वाढेल आणि कशी वाढेल, अमोल तोंडाकडं बघेल की नाही, टपरीवर आपली जागा राहील की नाही, हे सगळं भैरूच्या डोक्यात एकदम आलं आणि त्याला भीती वाटली. खरं बोललं की हलकं वाटतं असं लोक सांगतात. त्याला काही हलकं वाटलं नाही.

साळूबाई परत आपल्या चौकोनापुढं बसली. भैरू तिच्या शेजारी उकिडवा झाला.

“तुमाला कवा कळलं?”

“दगड हालला त्याच साली. लावणीला गेले तवा ऐन आत गेलेला दिसला. त्याच्या आधी बी बांध दर साली जवळ आल्यावानी वाटायचा.” तिनं मातीचा गोळा घेतला आणि घराच्या भिंतीवर दाबला. “रेश्माला बी कळलंय. तिला म्याच गप बसिवलं.”

“मग बोलला का न्हाई, वैनी? येवढी वर्सं?”

साळूबाईनं हातातलं काम संपवलं, ओल्या पंजानं ते सारवलं, आणि मग त्याच्याकडं वळून पाहिलं.

“बोलले आसते तर नऊ हात मिळालं आसतं, भावजी. दीर कुटनं मिळाला आसता?”

भैरू सहासष्ट वर्षांचा गडी. अख्ख्या वाडीदेखत, सोसायटीतल्या परक्या माणसांदेखत, तो चिखलाचे हात तोंडाला लावून रडला, आणि साळूबाई तो थांबेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिली.